वार्धक्यातील धाव

वाचावयाचे शास्त्रभाग : १ करिंथ ९:२४-२७, इब्री १२:१-३, २ तीमथ्य ४:६-१३.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस शर्यतीचा दाखला दिला तो उगाच नव्हे. त्या शहराजवळच्या चिंचोळ्या भूमीवर दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत असत, आणि मंडळीतील लहानथोरांनी ते पाहिलेले असत. विजेत्याच्या मस्तकी जो मुकुट ठेवीत तो झाडाच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या पाल्याचा असे. घरी नेईपर्यंत त्याचा चुरा व्हावयाचा. त्या खेळांत धावणाऱ्यांचे तीन वर्ग असत : मुलगे, दाढी न फुटलेले तरुण, आणि पुरुष. चवथा वर्ग नव्हता. म्हाताऱ्यांकरिता म्हणून निराळी जागा नव्हती.

परंतु ज्याने हा दाखला दिला तो पुढे स्वतः म्हातारा झाला. फिलेमोनास लिहिताना तो आपणास वृद्ध असे म्हणवून घेतो. आणि तीमथ्यास लिहिलेल्या पत्रात, बंदिवासात असता, पुन्हा धावेचीच भाषा बोलतो. ज्याच्या पायांस चार पावलांची मोकळीक नाही तो धावेविषयी बोलत आहे! हा भाग आपण बहुतकरून मूठमाती देण्याच्या वेळी वाचतो, त्यामुळे तो मेलेल्यांविषयी आहे अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आणखी चार ओळी पुढे वाचाव्या. तोच वृद्ध मनुष्य त्रोवसास राहिलेला आपला झगा मागवीत आहे, पुस्तके मागवीत आहे, आणि मार्काला घेऊन ये, तो सेवेस उपयोगी आहे, असे कळवीत आहे. जो धाव संपली म्हणतो तो हिवाळ्याची तयारी आणि पुढचे काम ह्यांची व्यवस्था लावीत आहे. म्हातारपण म्हणजे केवळ वाट पाहत बसणे, असे त्यास वाटले नाही.

आमच्या काळी म्हाताऱ्यांच्या शर्यती खरोखरीच होऊ लागल्या आहेत. १९७५ साली कानडातील टोरांटो शहरी वयस्क स्पर्धकांचे पहिले जागतिक खेळ भरले. त्यांत वर्ग पाच-पाच वर्षांचे असतात. पस्तीस वर्षांच्या मनुष्यापासून आरंभ होऊन, पाचाची एकेक पायरी चढत, ते नव्वदीच्या व शंभरीच्याही पुढे जातात. ज्या चवथ्या वर्गास करिंथाजवळ जागा मिळाली नाही त्याचे आज डझनावारी वर्ग झाले आहेत. मात्र पायरी जितकी उंच तितकी तीवर माणसे थोडी. शेवटी शेवटी तर धावणारा एकटाच उरतो, आणि ज्यांस मागे टाकावयाचे ते सर्व आधीच मातीत गेलेले असतात. मग तो कोणाबरोबर शर्यत लावतो, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस घोळवावा लागला.

पंजाबातील जालंधर जिल्ह्यात ब्यास पिंड नावाचे खेडे आहे. तेथील फौजा सिंग नावाच्या शेतकऱ्याच्या पासपोर्टावर जन्मतारीख १ एप्रिल १९११ अशी होती. लहानपणी त्यांचे पाय इतके अशक्त होते की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांस चालता येईना. काडीसारख्या पायांवरून गावची पोरे त्यांस चिडवीत. लिहिणेवाचणे त्यांस आले नाही. सारा जन्म शेतीत गेला. १९९२ साली पत्नी वारली, आणि १९९४ साली बांधकामावरील अपघातात एक मुलगा गेला. पुढे लंडन शहरी दुसऱ्या मुलाच्या घरी राहत असता, ज्या वयात आपल्याकडे मनुष्याची बाज पडवीत टाकतात त्या वयात, त्यांनी धावावयास आरंभ केला. तो छंद म्हणून नव्हे. दुःखाने जीव कोंडला होता, आणि पाय चालू लागले म्हणजे छातीवरचा धोंडा थोडा हलतो असे त्यांच्या अनुभवास आले.

२००० साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, ते लंडनच्या मॅरेथॉनमध्ये धावले. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, आपल्या जुन्या हिशेबाने सुमारे तेरा कोस. त्यांस ६ तास ५४ मिनिटे लागली. ही धाव अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्या मुलांची काळजी वाहणाऱ्या एका धर्मादाय संस्थेकरिता होती. अतिवृद्धाने अतिबालकासाठी धावावे, ही योजना आम्हांस मोठी सुरेख वाटते. २००३ साली, बाण्णवाव्या वर्षी, टोरांटो येथे त्यांनी तेच अंतर ५ तास ४० मिनिटांत काटले. वय वाढले आणि वेळ मात्र सव्वा तासाने उतरली. हे वाचून आमच्यांतील साठीचे लोक, जे देवळापर्यंत चालवत नाही म्हणून सांगतात, त्यांनी काय समजावयाचे ते समजावे.

फौजा सिंग आपल्या शीख धर्मात निष्ठेने राहिले, आणि त्यांस आपल्या मताचा साक्षीदार करून उभे करणे आम्हांस मुळीच उचित वाटत नाही. तथापि त्यांचे एक बोलणे सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिले वीस मैल अवघड नाहीत, असे ते म्हणत. शेवटचे सहा मैल आपण देवाशी बोलत बोलत धावतो. प्रार्थनेविषयी आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत व काही केलीही आहेत, परंतु प्रार्थनेची जागा इतक्या नेमकेपणाने कोणी दाखविल्याचे आम्हांस आठवत नाही. वीस मैलांपर्यंत मनुष्य आपल्या पायांवर धावतो. त्यापुढे पाय संपतात. शास्त्रांत ज्यास कृपा म्हटले आहे तिचे गाव त्या विसाव्या मैलापासून पुढे लागते. ज्यांचा विसावा मैल अद्याप आला नाही त्यांस हे कळणे कठीण आहे, म्हणून तरुणांवर आम्ही रागावत नाही.

१६ ऑक्टोबर २०११ रोजी, शंभर वर्षे पुरी झाल्यावर, ते पुन्हा टोरांटो येथे उभे राहिले. तीन दिवसांपूर्वीच त्याच शहरात एका दिवसात १०० मीटरपासून ५००० मीटरपर्यंत आठ निरनिराळी अंतरे ते धावले होते. त्यांतील काहींवर शंभरीच्या मनुष्याची पूर्वी नोंदच नव्हती. मॅरेथॉनच्या दिवशी गर्दी एवढी की आरंभाची रेघ ओलांडावयासच त्यांस कित्येक मिनिटे लागली. पुढे ८ तास ११ मिनिटे धावून, चालून, पुन्हा धावून ते शेवटास पोहोचले, तेव्हा जवळजवळ सर्व स्पर्धक घरी गेले होते, आणि कामकरी लोक रस्त्याच्या कडेचे अडसर उचलीत व निशाणे उतरवीत होते. ह्या चित्राकडे थोडे थांबून पाहावे. पहिल्या आलेल्याचे कौतुक करून जग मोकळे झाले होते, आणि जो शेवटी आला त्याच्याकरिता मांडव मोडण्याचे काम थांबले नव्हते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी असता तर त्याने निशाणे तशीच ठेवावयास सांगितली असती.

कानडातच एड व्हिटलॉक नावाचे दुसरे एक गृहस्थ होते. १९३१ साली इंग्लंडात जन्मलेले हे मनुष्य, सत्तरीनंतर तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपविणारे जगातील पहिले. २००४ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत ती पुरी केली. ते आपला सराव घराजवळच्या कबरस्तानात करीत. थडग्यांमधील लहानशा वाटेवर फेऱ्यांमागून फेऱ्या, कधी कधी तीन तीन तास! ह्यात त्यांस काही वैराग्य वाटत होते असे नाही. तेथे गाड्यांचा त्रास नव्हता आणि घर जवळ होते, एवढेच. सरावात आपणास गोडी वाटत नाही, असेही ते मोकळेपणी सांगत. आम्हांस हा प्रामाणिकपणा आवडतो. उपासनेस नित्य येणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या बायांस प्रत्येक रविवारी काही उचंबळून येते असे नव्हे. त्या येतात, कारण येण्याचे ठरलेले आहे.

वैद्य सांगतात की तिशीनंतर मनुष्याच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची शक्ती दर दहा वर्षांस सुमारे दहाव्या हिश्शाने घटते. जो अंग हालवीत राहतो त्याची कमी घटते, पण घटते ती घटतेच. व्हिटलॉक ह्यांची घटली. २०१६ साली, पंचाऐंशीव्या वर्षी, तेच अंतर संपवावयास त्यांस ३ तास ५६ मिनिटे ३४ सेकंद लागली, म्हणजे पूर्वीपेक्षा एक तास अधिक. तरी त्या वयाच्या कोणाही मनुष्याने तोवर ते चार तासांत संपविले नव्हते, आणि म्हणून ही संथ धावही पहिल्या वेगवान धावेइतकीच मानाची ठरली. सुमारे पाच महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, कर्करोगाने त्यांचा अंत झाला. विधवेच्या दोन टोल्यांचा हिशेब प्रभूने ज्या रीतीने केला त्या रीतीने शर्यतीचाही हिशेब होऊ शकतो, हे खेळांच्या पंचांस कळले. मंडळीच्या पंचांस ते अद्याप कळावयाचे आहे. पूर्वी चार गावे पायी फिरून वचन सांगणारा वडील आता आपल्या गल्लीपुरताच फिरतो, तर आम्ही म्हणतो, बाबांचे काम आता थांबले. थांबले नाही. वर्ग बदलला.

येथे कोणी विचारील की ज्यांस अंथरूण धरावे लागले आहे त्यांचे काय? आणि प्रश्न रास्त आहे. प्रत्येक म्हाताऱ्याने धावावे असा देवाचा नियम नाही, व गुडघे दुखणाऱ्या आजीस फौजा सिंगांचे नाव सांगून लाजविणे हे पाप होईल. अमेरिकेतील हॅरिएट थॉम्पसन नावाच्या बाईंस स्वतःस कर्करोग होऊन गेला होता. तरी २०१५ साली, बाण्णवाव्या वर्षी, त्यांनी ७ तास २४ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली, आणि त्यांच्या धावण्याने जमलेला पैसा रक्ताच्या कर्करोगाने पीडलेल्यांकडे गेला. अशांचे देणे वेगळे, अंथरुणावरून नावे घेऊन प्रार्थना करणाऱ्याचे वेगळे. आमचे म्हणणे केवळ इतकेच की कोणास बसवावयाचे ते आपण ठरवू नये.

आणखी असे की ह्यांपैकी फौजा सिंग तरी एकटे धावले नाहीत. त्यांस शिकविणारा मनुष्य होता. तो त्यांच्याहून पुष्कळ तरुण असून त्यांच्या पावलाशी आपले पाऊल जुळवून घेत असे. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. तरुणास हळू चालणे जड जाते. दुःखात बुडालेल्या वृद्धास भाकर नेऊन देणारे पुष्कळ असतात. त्याच्याबरोबर नदीपर्यंत, त्याच्या चालीने, जाऊन येणारे थोडे.

शेवटी एक गोष्ट राहिली. शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पुरी करणारा पहिला मनुष्य म्हणून फौजा सिंगांचे नाव गिनेस ह्यांच्या विक्रमांच्या पुस्तकात लिहिले गेले नाही. त्यांजपाशी जन्माचा दाखला नव्हता. पासपोर्ट होता, शंभरीबद्दल इंग्लंडच्या राणीचे अभिनंदनपत्र होते, १९११ साली तिकडे जन्माची नोंद ठेवीत नसत असे सरकारी पत्रही होते. परंतु नियम म्हणजे नियम. त्यांनी ते फारसे मनास लावून घेतले नाही. २४ फेब्रुवारी २०१३ रोजी हाँगकाँग येथे दहा किलोमीटरांची शेवटची शर्यत ते धावले, आणि पुढेही चालत राहिले. १४ जुलै २०२५ रोजी आपल्याच गावाजवळच्या रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला.

दाखल्याची ही अडचण आपल्या खेड्यांस नवी नाही. वय विचारले तर बहात्तरच्या दुष्काळात माझा थोरला खडी फोडावयास बरोबर येत होता, असे उत्तर मिळते. आणि वृद्धांस सरकारातून जे वेतन मिळते त्याकरिता कचेरीत कागद मागतात. पुष्कळांचे बाप्तिस्मे मंडळीच्या जुन्या नोंदवहीत तारखेसह लिहिलेले आहेत, पण त्या वह्या कोठे पेटीच्या तळाशी तर कोठे वाळवीच्या तोंडी आहेत. पाळकांस व वडीलजनांस आमची विनंती आहे की ह्या पावसाळ्यापूर्वी त्या वह्या उन्हात घालाव्या, साठीपुढच्या प्रत्येक नावाचा उतारा काढून त्यावर सही करावी, आणि तो घेऊन तालुक्यास जाताना म्हाताऱ्या मनुष्यास एकटे पाठवू नये.