थांबायचं कुणी आणि कधी?

परस्पर संमतीने घटस्फोट मागायला आलेल्या जोडप्याला न्यायालय सांगतं, सहा महिन्यांनी पुन्हा या. हिंदू विवाह कायद्यात 1976 साली कलम 13 ब आलं, तेव्हापासूनचा हा नियम. वकील त्याला ‘कूलिंग ऑफ पीरियड’ म्हणतात. रागाच्या भरात संसार मोडू नये, डोकी शांत झाली की माणसं फेरविचार करतील, हा त्यामागचा हेतू. या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो ही मुदत जिथे घातली आहे त्या जागेला.

अर्ज करण्याआधीच नवरा-बायको किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत, असं हेच कलम सांगतं. म्हणजे दोघं न्यायालयाची पायरी चढतात तोवर भांडण केव्हाच संपलेलं असतं. त्यांच्या कन्सेंट टर्म्स वाचून पाहाव्यात. स्त्रीधन कोणत्या तारखेला परत करायचं, फ्लॅटचे उरलेले हप्ते कुणी फेडायचे, मुलीची शाळेची फी कुणी आणि कधीपर्यंत भरायची, दिवाळीच्या सुट्टीतले पहिले आठ दिवस ती कुणाकडे राहील... संतापलेली माणसं असं कलमवार लिहून देत नाहीत. कित्येक महिन्यांच्या बोलण्यांनंतर, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी हात टेकल्यावर हा कागद तयार झालेला असतो.

मग त्या सहा महिन्यांत होतं काय? काही जोडप्यांचं मन खरोखर बदलतं, हे मान्य. पण बऱ्याचदा वाढते ती घासाघीस. शेवटचा आदेश होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुरेष्टा देवी प्रकरणात स्पष्ट केलं. संमती खरीच हवी, तेव्हा हे तत्त्व योग्यच आहे. मात्र सहा महिन्यांच्या सक्तीशी त्याची सांगड पडली की ज्याला घाई नाही त्याचं पारडं जड होतं. पोटगीची उरलेली रक्कम कमी कर, नाहीतर मी तारखेला येत नाही, एवढं म्हटलं की पुरे. जिची बदली दुसऱ्या शहरात झाली आहे, जिच्या आईवडिलांच्या घरात आता जागा उरलेली नाही, ती नाइलाजाने कमी रकमेवर सही करते. थांबण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही आणि कायद्याने हे लक्षातच घेतलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाला ही अडचण दिसली. 2017 साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात त्याने सांगितलं की ही मुदत बंधनकारक नाही. समेटाचे प्रयत्न फसले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा ठरला असेल, वेगळं राहून पुरेसा काळ लोटला असेल, तर ती माफ करता येते. पण माफीसाठी वेगळा अर्ज लागतो आणि निर्णय त्या त्या न्यायाधीशाच्या विवेकावर राहतो. फेब्रुवारी 2025 मध्ये एका नामांकित क्रिकेटपटूचा आणि त्याच्या पत्नीचा असा अर्ज मुंबईत कुटुंब न्यायालयाने फेटाळला. दोघं अडीच वर्षांहून जास्त काळ वेगळे राहत होते. ते उच्च न्यायालयात गेले, मार्चमध्ये मुदत माफ झाली, आणि आयपीएल तोंडावर असल्याने दुसऱ्याच दिवसापर्यंत निकाल देण्याचा आदेशही मिळाला. त्यांना न्याय मिळाला, चांगलंच झालं. पण जिथे कुटुंब न्यायालयच नाही, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे अशी प्रकरणं चालतात, तिथल्या शिक्षिकेने किंवा एसटी वाहकाने उच्च न्यायालय कसं गाठायचं?

याहून गंभीर गोष्ट जुलै 2025 मध्ये घडली. थांबण्याची हीच कल्पना छळाच्या तक्रारींनाही लागू झाली. भारतीय दंड संहितेच्या 498 अ कलमाखालील, म्हणजे सासरी होणाऱ्या छळाच्या, तक्रारींत गुन्हा नोंदल्यापासून दोन महिने अटक करू नये, प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे पाठवावं, या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. खोट्या तक्रारी होतात आणि निरपराध सासू-नणंदा त्यांत भरडल्या जातात, हे मी नाकारत नाही. पण घरात छळ सोसून, माहेरच्यांची समजूत काढून, पोलीस ठाण्यात पोचलेल्या बाईला ‘दोन महिने शांत व्हा’ सांगणं म्हणजे शांत होण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणं आहे. राग तिचा नव्हता. ती भीतीने आली होती.

थांबण्याची मुदत कशी असावी, याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते. मोबाइलवरून घेतलेलं कर्ज थोड्या अवधीत, दंडाशिवाय मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन फेडण्याची सोय रिझर्व्ह बँकेने 2022 पासून करून दिली. या दोन्ही ठिकाणी मुदत दुबळ्या बाजूच्या हातात आहे, आणि ती वापरायची की नाही हे तीच ठरवते. एजंटच्या आग्रहाला बळी पडलेल्या माणसाला घरी येऊन कागद नीट वाचता येतो.

घटस्फोटातही असंच व्हावं. दोघांनी शपथेवर सांगितलं की आम्हाला वेळ नको, तर समुपदेशकाने दोघांशी वेगवेगळं बोलून, कुणावर दबाव नाही ना हे तपासावं आणि न्यायाधीशांनी निकाल द्यावा. दोघांपैकी एकाने जरी वेळ मागितला, तर तो जरूर द्यावा, पण त्या काळात ठरलेली पोटगी आणि मुलांचा खर्च सुरू राहील, अशा आदेशासह. यासाठी 13 ब मध्ये संसदेनेच दुरुस्ती करायला हवी. 2017 च्या निकालाच्या आधाराने एकेका जोडप्याने अर्ज करत राहणं पुरेसं नाही.