शनिवारच्या रात्रीचा खर्च

शनिवारी मध्यरात्र उलटली की वेल्समधल्या कार्डिफ शहरात सेंट मेरी स्ट्रीटवर पोलिसांची खरी पाळी सुरू होते. कुणी ओकत असतं, कुणी फुटपाथवर निपचित पडलेलं असतं, टॅक्सीच्या रांगेत धक्का लागल्याचं निमित्त होऊन गुद्दागुद्दी जुंपते.

पूर्वी तिथले पब साधारण रात्री अकराला बंद होत. शेवटचे पेले घाईघाईने रिचवायचे आणि सगळ्यांनी एकदमच रस्त्यावर यायचं, अशी रीत. ही गर्दी पांगावी म्हणून इंग्लंड-वेल्समध्ये २४ नोव्हेंबर २००५ पासून वेळेचं बंधन सैल झालं. एकूण हिंसा फारशी घटली नाही. तिचा काही भाग पहाटे तीननंतर सरकला. पोलिसांची रात्र तेवढी लांबली.

खरी वाट दाखवली ती जोनाथन शेफर्ड या जबड्याच्या शल्यविशारदाने. मारामारीत फुटलेले चेहरे शिवता शिवता त्यांना कळलं, की रुग्णालयात येणाऱ्या मारहाणीच्या कितीतरी घटना पोलिसांच्या कानावरही गेलेल्या नसतात. मार खाणारा मारणाऱ्याला घाबरतो, शिवाय बरेचदा तोही प्यायलेला असतो. मग तक्रार कोण करणार? मग रुग्णालयाच्या खिडकीवरचे कर्मचारीच विचारू लागले: कुठे झालं, केव्हा झालं, कशाने मारलं? नाव वगळून ही माहिती पोलिसांकडे आणि नगर परिषदेकडे जाऊ लागली. नेमका कुठला बार, कुठला कोपरा, हे कळलं आणि गस्त तिथे वळली. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये दरमहा लाखामागे सातवरून पाचवर आलं, तुलनेच्या शहरांत ते पाचवरून आठवर गेलं.

लाठी न उगारता हे साधलं, याचं मोल फार मोठं आहे. जखमीला दोष न देता त्याचं ऐकून घेणं, हाही कायदा-सुव्यवस्थेचाच भाग आहे.

पण पेल्यामागे पैसा मिळवणाऱ्याचं काय? नफा बारचा आणि टाके, रुग्णवाहिका, गस्त मात्र करदात्याच्या माथी, हा व्यवहार न्यायाचा नाही. २०११ च्या कायद्याने मध्यरात्रीनंतर दारू विकणाऱ्यांवर जादा आकार बसवण्याची मुभा स्थानिक परिषदांना दिली. वसुलीखर्च वजा जाता त्यातला किमान ७० टक्के वाटा पोलिसांसाठी. २०१३ मध्ये न्यूकॅसलने तो सर्वांत आधी लावला. त्यानंतर मोजक्याच परिषदा पुढे आल्या. धंदा दुसऱ्या गावी जाईल, ही धास्ती बाकीच्यांना सुटलेली नाही.