सिमिलिपालचे काळे वाघ

ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या सिमिलिपालच्या जंगलात काही वाघांचे पट्टे इतके रुंद असतात की ते एकमेकांत मिसळून जातात. पाठ जवळजवळ काळी आणि मधूनच पिवळ्या रंगाच्या फटी. 2024 मध्ये जाहीर झालेल्या राज्याच्या गणनेत तिथे 27 प्रौढ वाघ होते, त्यांतले 13 असे काळे. पर्यटकांसाठी काळ्या वाघांच्या सफारीची घोषणाही झाली. मला मात्र या रंगाचं कौतुक करवत नाही.

बंगळुरूच्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये त्याचं कारण दाखवून दिलं: एका जनुकातला बदल. तो आई आणि बाप दोघांकडून आला, तरच पिल्लू काळं होतं. वाघांची ये-जा असलेल्या मोठ्या जंगलात हा बदल बाळगणारे नर-मादी क्वचितच एकत्र येतात. सिमिलिपालचे वाघ मोजक्या पूर्वजांचे वंशज आहेत आणि बाहेरून नवं रक्त येत नाही, म्हणून तिथे हे वारंवार घडतं. वाघ इतके थोडे उरले की कोणतं जनुक टिकणार हे बरंचसं योगायोगावर ठरतं. एखादी वाघीण पिल्लं न होताच मेली, तर तिच्याबरोबर काही जनुकं कायमची जाऊ शकतात. काळ्या रंगाने वाघाचं नुकसान होतं असं नाही. पण रंग निदान डोळ्यांना दिसतो. त्याच वाटेने साचणारा हृदयाचा किंवा प्रजननाचा दोष कॅमेरा ट्रॅपच्या फोटोत दिसत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या प्यूमांमध्ये नेमके हेच दोष बळावले होते आणि जेमतेम 20-30 जनावरं उरली होती. 1995 मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा तो वंश सावरला.

सिमिलिपालसाठीही 2024 च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी पाठवल्या गेल्या. झीनत थोड्याच दिवसांत बाहेर पडली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये पोचली. तिला बांकुऱ्यात बेशुद्ध करून परत आणावं लागलं. दूरवर चालत जाणं हा वाघाचा स्वभावच आहे. यवतमाळच्या टिपेश्वरमधून 2019 मध्ये निघालेला एक तरुण नर शेतं, रस्ते ओलांडत, गावं टाळत सुमारे 3000 किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. एका पिढीत बाहेरचा एखादा प्राणी येऊन वंशात मिसळला, तरी विविधता बरीच टिकते, असा जनुकशास्त्रातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे मागणी फार मोठी नाही. पण त्या एकाला येण्यासाठी वाट हवी. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गाखाली प्राण्यांसाठी मोकळी जागा ठेवली, तिथून वाघ जाऊ लागले.

व्याघ्रगणनेचे आकडे वाढले की आपण समाधान मानतो. यापुढे आकडा वाचताना आणखी एक प्रश्न विचारा: या जंगलातला वाघ स्वतःच्या पायांनी शेजारच्या जंगलात जाऊ शकतो का? दोन जंगलांमधल्या पट्ट्यात खाण किंवा रस्ता मंजूर होत असेल, तर जनसुनावणीतही हाच प्रश्न विचारा.