ओंजळीत आलेली मासोळी



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, आठवा स्कंध, अध्याय 24. मत्स्यावताराची कथा.

ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते, पण बहुतेकदा शेवटाकडून. प्रलय, नाव, माशाचं शिंग, वासुकीची दोरी. सुरुवात मात्र अगदी छोटी आहे. सत्यव्रत राजा कृतमाला नदीवर तर्पण करतोय. ओंजळीतल्या पाण्याबरोबर एक इवलीशी मासोळी वर येते. राजा काय करतो? तिला पाण्यासकट परत नदीत सोडतो. यात वाईट हेतू काहीच नाही. पाण्यातला जीव पाण्यात गेला, विषय संपला. मग मासोळी बोलते. इथले मोठे जीव मला खातील, मला भीती वाटते, मला असं टाकून जाऊ नकोस, म्हणते. तेव्हा राजा तिला कलशात घेतो आणि आश्रमात नेतो.

हा 'सोडून दिली'चा भाग मी नेहमी भराभर वाचून पुढे जायचे. गेल्या शनिवारी मात्र तिथेच अडकले.

शनिवारी सकाळी साडेदहाला आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. पुण्यातला एप्रिल, वरचा मजला, म्हणजे छत तापून घरात भट्टी. पण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यामुळे मी निवांत होते. दोन पंखे, वायफाय, लॅपटॉप, सगळं चालू. ऑफिसचं थोडं काम केलं, मग एक सिरीज लावली. हॉलच्या कोपऱ्यात माझा दोन फुटी फिश टँक आहे. त्याचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही, हे मला माहीत होतं. 'येईल लाईट तासाभरात' म्हणून मी तिकडे बघितलंही नाही.

पावणेतीनला इन्व्हर्टर संपला. पंखे थांबले आणि घर एकदम शांत झालं. आजी पाणी प्यायला उठली आणि टँकपाशी थांबली.

"अगं, हे मासे असे वर तोंड करून काय मागतायत?"

सगळे मासे पृष्ठभागाला चिकटून तोंड उघड-मीट करत होते. मला वाटलं भूक लागली असेल. मी चिमूटभर खाणं टाकलं! आता सांगायला लाज वाटते. कुणी तोंडाला लागलं नाही, दाणे फुगून तळाशी गेले. मग मावसभावाला फोन केला. तो कित्येक वर्षं मासे पाळतो. म्हणाला, "ताई, त्यांना अन्न नकोय, हवा हवीये. आधी ते दाणे काढ."

मग त्याने जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण उन्हाळा अजून बराच बाकी आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाला उलट जास्त प्राणवायू लागतो. मिळकत कमी, खर्च जास्त. आमचा थर्मामीटर 33 दाखवत होता. हवा पाण्यात शिरते ती मुख्यतः वरच्या थरातून, म्हणून पाणी हलतं ठेवायचं. पंपाचे बुडबुडेसुद्धा मोठं काम तेच करतात. टाकलेलं अन्न कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू खातं. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो, आपल्या एकादशीपेक्षा जास्त.

मी तोवर फ्रिजरमधून बर्फाचा ट्रे काढून उभी होते. तो ओरडलाच. "एकदम गार करू नकोस! उष्म्यातून वाचलेला मासा त्या झटक्याने जाईल. बाटलीत बर्फ असेल तर झाकण घट्ट लावून ती तरंगत ठेव, आणि तासाला एखाद्या अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नकोस."

टँकचं झाकण काढलं. पडदे ओढले. काचेला बाहेरून ओला पंचा गुंडाळला. आणि आजी देवघरातला तांब्या घेऊन आली. मी म्हटलं, "आजी, अगं तो पूजेचा आहे."

"मग ही काय आहे?" ती म्हणाली, आणि टँकमधलंच पाणी तांब्यात घेऊन हातभर उंचीवरून परत ओतायला लागली, अभिषेकाची धार धरावी तशी.

आम्ही पाळी लावली. वीस तांबे ओतायचे, मग एक माळ जप, मग परत वीस तांबे. माळेला साधारण पाच-सहा मिनिटं लागतात, त्यामुळे घड्याळ बघावं लागलं नाही. दुपारी तीन ते रात्री सव्वानऊ. मधे खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांच्या पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंप आणून दिला. तेव्हा कळलं की असल्या पंपाला जेमतेम चार-पाच वॅट लागतात. माझ्या एका पंख्याच्या विजेवर असे दहा तरी पंप चालले असते.

हे ऐकून मी खाली बसले. सकाळपासून चार तास मी पंख्याखाली होते. टँक माझ्यापासून पाच पावलांवर होता. एक एक्स्टेन्शन वायर लावायची होती, बस्स.

संध्याकाळी सातच्या सुमाराला सगळ्यात जुना गोल्डफिश गेला. शेपटीवर पांढरा ठिपका असलेला. तीन वर्षं होता आमच्याकडे. बाकीचे वाचले.

रात्री झोप येईना म्हणून भागवत उघडलं, आणि नेमाने आलेला अध्याय हाच निघाला. मला वाटलं, देव थट्टा करतोय का? मग शांतपणे वाचलं.

पहिली गोष्ट दिसली ती सत्यव्रताची. त्यानेही आधी सोडूनच दिलं होतं. फरक इतकाच की मासोळी बोलली तेव्हा त्याने ऐकलं. आपले मासे बोलत नाहीत, ते वर येऊन तोंड उघडतात. मंडळी, आपल्यावर अवलंबून असलेले बरेच जीव असंच बोलतात. गॅलरीतली तुळस पान गाळून बोलते. म्हातारं माणूस 'काही नाही गं, ठीक आहे' म्हणून बोलतं. ऐकायला आपण त्या दिशेला बघत असावं लागतं. मी स्क्रीनकडे बघत होते. आजीने बघितलं.

दुसरी गोष्ट. भागवत स्पष्ट सांगतं की हा मासा म्हणजे भगवंत आहे हे राजाला माहीत नव्हतं. त्याला फक्त एक भ्यालेला जीव दिसला, आणि त्याने त्याला सांभाळायचं ठरवलं. देव ओळखून सेवा करणं सोपं आहे हो. एकादशीला रांगेत चार तास आपण हसत उभे राहतो. न ओळखता केली ती सेवा त्या अध्यायात देवापर्यंत पोचली. नाथांची गोष्ट आठवा. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. आजीला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या हातात तांब्या होता आणि समोर जीव होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचली. एका रात्रीत मासोळी कलशात मावेनाशी झाली. राजाने तिला मोठ्या भांड्यात ठेवलं. तिथे ती एका मुहूर्तात, म्हणजे 48 मिनिटांत, तीन हात वाढली. मग सरोवर, मग आणखी मोठे जलाशय, शेवटी समुद्र. राजा एकदाही म्हणत नाही की 'माझ्याकडे एवढंच भांडं आहे, यात मावेल तेवढी राहा.' प्रत्येक वेळी भांडं बदलतं.

आणि मी? दोन फुटी टँक, जेमतेम साठ लिटर पाणी, त्यात पाच गोल्डफिश आणि आठ मॉली. का? तर भरलेला टँक छान दिसतो, फोटो चांगले येतात. मावसभाऊ वर्षभर सांगत होता की गोल्डफिशला गार पाणी आणि भरपूर जागा लागते. तेव्हा खरं सांगायचं तर शनिवारी लाईट गेली म्हणून तो मासा गेला असं मला म्हणता येत नाही. दाटी आधीपासून होती, आणि तो सगळा खेळ एका पंपाच्या वायरवर तोलून ठेवलेला होता. लाईट गेली आणि ते उघडं पडलं.

काही जण विचारतील, मग मासे पाळावेतच का? प्रश्न योग्य आहे, आणि मी तो स्वतःला विचारतेय. नवीन मासा आणायचा नाही एवढं ठरलंय. पण जे ओंजळीत आले आहेत त्यांचं काय? पुण्य म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडणं हा उपाय नाही. बाजारातले बरेच मासे परदेशी जातीचे असतात. असे सोडलेले सकर मासे आपल्या देशातल्या कितीतरी जलाशयांत पसरून तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठलेत. चार गोल्डफिश मावसभावाच्या मोठ्या टँकमध्ये गेले. मॉली माझ्याकडे, ऐसपैस.

आता शेवट आठवा. प्रलय येतो तेव्हा राजाची नाव कोण ओढतं? तोच मासा. ज्याला कलशात जागा दिली, त्याच्याच शिंगाला नाव बांधायची वेळ येते. माझ्या मॉली माझी नाव ओढणार नाहीत, हे मला कळतं. पण गेल्या शनिवारी सहा तास हातात तांब्या आणि ओठांवर नाम होतं, फोन बंद पडला होता, आणि आजीशी मी इतकी बोलले जितकी वर्षभरात बोलले नव्हते. त्या दिवशी कोण कुणाला ओढत होतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

आजचा संकल्प

घरात टँक असेल तर आजच एअर पंपाचा सॉकेट इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा पंप आणून ठेवा. लाईट बराच वेळ गेली असेल तर आल्यावर फिल्टर तसाच सुरू करू नका. आत साचलेलं घाण पाणी टँकमध्ये जातं. त्याचा स्पंज टँकच्याच पाण्यात हलका खळबळून घ्या, नळाखाली नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यातले उपयोगी जिवाणू मारतं.

टँक नसेल तर एवढंच करा. घरात आपल्यावर अवलंबून असलेला एक जीव निवडा, आणि आज पाच मिनिटं, एक माळ होईल इतका वेळ, नुसतं त्याच्याकडे बघा. तो काय मागतोय ते दिसेल.

उद्या पुढचा अध्याय.

राम कृष्ण हरी!