भूमि आणि तिचीं माणसें

दोन राष्ट्रांमधील वादग्रस्त सीमाप्रदेशाचा इतिहास लिहितांना आपण नकाशा पुढें ठेवतों, तह वाचतों, लढायांच्या तारखा मांडतों. तेथें रहाणाऱ्या माणसांचें पुढें काय झालें, हें मात्र बहुधा तळटीपेंत जातें. सिंधचें उदाहरण घ्यावें.

१८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यांत, म्हणजे आपल्या ठाणें जिल्ह्याबरोबर एकाच कारभाराखालीं होता. सिंध-कच्छ सरहद्दीचा तंटा त्या काळीं घरचाच. १९१४ सालीं मुंबई सरकारच्या ठरावानें तो कांहीं अंशीं मिटलाहि. फाळणीनंतर तोच दोन राष्ट्रांचा झाला. १९६५ सालीं कच्छच्या रणांत लढाई झाली. मग तीन पंचांचें न्यायमंडळ बसलें, आणि १९६८ सालीं त्यानें वादांतील रणाचा सुमारें नऊ दशांश भाग भारताला व उरलेला पाकिस्तानला दिला. बव्हंशीं ओसाड अशा खाऱ्या जमिनीला इतका विचार लाभला!

सिंधमधून निघालेल्या हिंदूंचें गाऱ्हाणें ऐकण्यास मात्र असें न्यायमंडळ बसलें नाहीं. पंजाब व बंगाल दुभंगले, तरी त्यांचा एकेक भाग भारतांत राहिला. सिंध प्रांत सबंध पलीकडे गेला. कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावणींत जवळजवळ एक लाख निर्वासित येऊन राहिले. १९४९ सालीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हें नांव मिळालें.

कोणी म्हणेल, सीमा नसेल तर राज्य नाहीं, आणि राज्य नसेल तर निर्वासिताला आसरा कोण देणार? हा आक्षेप खरा आहे. ज्या सीमेनें त्यांचें घर नेलें, तिच्याच अलीकडे त्यांना अभय मिळालें. पण यावरून हेंच ठरतें कीं, सीमेची योग्यता तिच्या आंतल्या माणसांच्या रक्षणावर मोजावी. हा नियम आपणांसहि लागू आहे. जवळच्याच नेवाळी येथें महायुद्धांत धावपट्टीसाठीं गेलेल्या जमिनी परत मागत शेतकरी २०१७ सालीं रस्त्यावर उतरले होते.

अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मधील, शिलाहारांच्या काळचें. त्या राज्याच्या सीमा आज अभ्यासकांखेरीज कोणास ठाऊक नाहींत. देवळांत माणसें मात्र अजून जातात. भूमीला ‘आमची’ म्हणण्याचा हक्क राष्ट्राला तहानें वा विजयानें मिळत असेल. पण तेथल्या माणसाला ‘आमचा’ म्हणण्याची ज्याची तयारी नाहीं, त्याचा तो हक्क कागदापुरताच समजावा.