चेहऱ्याची साक्ष

माणसाच्या मनाचा ठाव आपण त्याच्या चेहऱ्यावरून घेतो. पण चेहराच साक्ष देण्यास असमर्थ झाला तर? मुद्रेचे स्नायू हलविणारा मज्जातंतू निकामी झाला, की अंतःकरणात आनंद असूनही ओठ एकाच बाजूला ओढले जातात, डोळा मिटत नाही. पाहणारा मात्र त्यात तुच्छता वाचतो, कधी मंदपणाही.

कॅनडातील कॅथलिक राजकारणी ज्याँ क्रेतिएँ यांच्या तोंडाची एक बाजू लहान वयापासून लुळी. १९९३ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने त्यांची वाकडी मुद्रा जाहिरातीत दाखवून, हा माणूस पंतप्रधान म्हणून शोभेल काय, असे सुचविले. लोक संतापले, जाहिरात मागे घ्यावी लागली. क्रेतिएँ पंतप्रधान झाले, सत्ताधाऱ्यांच्या हाती दोन जागा उरल्या. (पराभवाला इतरही कारणे होती, हे खरे.)

उघड उपहासाचा निषेध करणारे भेटतात. मला सतावतो तो मूक निवाडा. एक गृहस्थ पुढच्या बाकावर बसून, ओठ मुरडून माझे प्रवचन ऐकत. मी वर्षभर त्यांना टाळले. त्यांच्या तोंडावरून वारे गेले होते, हे पुढे कळले. एलियाबाचे रूप पाहून शमुवेल संदेष्टाही फसला होता. परंतु परमेश्वराने सावरताच त्याने आपले मत सोडले. पहिला ग्रह आपल्या हाती नसेल. तो वर्षभर जपणे हे मात्र माझेच कृत्य होते.

पुढच्या रविवारी शांतीचे चिन्ह देण्यास मी त्यांच्याकडे गेलो. ते हसले. ओठ तसेच मुरडले.