हरवलेले नाणे आणि रुळावरचा मोबाईल



संत लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यात प्रभू येशू हरवण्याच्या तीन गोष्टी सांगतो. पहिली हरवलेल्या मेंढराची, दुसरी हरवलेल्या नाण्याची आणि तिसरी हरवलेल्या पुत्राची. आज या तीन गोष्टी सोबत घेऊन मी तुम्हाला रेल्वे स्टेशनवर नेणार आहे. कारण आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले शिकवणीसाठी लातूरला, कामासाठी पुण्या-मुंबईला सतत ये-जा करतात. त्यांच्या आयांचा जीव फोन येईपर्यंत टांगणीला लागलेला असतो, हे मला ठाऊक आहे.

काही महिन्यांपूर्वी रात्री मी लातूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभा होतो. शेजारी सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा, पाठीवर दप्तर, हातात मोबाईल. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला आणि मोबाईल फलाटाच्या कडेवर आपटून खाली रुळांमध्ये पडला. मुलाने मागेपुढे पाहिले नाही. तो कडेवर बसला आणि एक पाय खाली सोडला. दूरवर इंजिनाचा दिवा दिसू लागला होता. तेवढ्यात एका म्हाताऱ्या हमालाने त्याचे दप्तर धरून त्याला मागे ओढले आणि म्हणाला, "आरं लेकरा, मोबाईल दुसरा मिळंल. तुझ्या मायनं दुसरा तू कुठून आणायचा?"

त्या हमालाने कोणत्याही पुस्तकातून हे वाचले नव्हते. पण प्रभूने शिष्यांना जे विचारले होते, तेच त्याने आपल्या भाषेत सांगितले. माणसाने सगळे जग मिळवले आणि जीवच गमावला, तर त्याच्या हाती काय उरले? (मत्तय १६:२६)

गाडी आली. मुलगा थरथरत उभा होता. मी त्याला विचारले, "बाळा, एवढी कसली घाई झाली होती?" तो म्हणाला, "फादर, पप्पांनी हप्त्यावर घेऊन दिलाय. फुटला म्हटलं तर घरी काय सांगू?"

बंधू-भगिनींनो, या उत्तराने मी अस्वस्थ झालो. आपण म्हणतो, आजची मुले मोबाईलच्या नादी लागली आहेत, त्यांना वस्तूंचा लोभ सुटला आहे. लोभ असतोही. पण या मुलाला लोभाने नव्हे, भीतीने खाली ढकलले होते. इंजिनाच्या दिव्यापेक्षा घरच्या बोलण्याची भीती त्याला मोठी वाटली. यावर मी शेवटी येईन. आधी रुळांविषयी थोडे बोलू.

आपल्यातील ज्येष्ठ मंडळींना बार्शी लाईटची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी आठवत असेल. तिच्या संथ चालीचे किस्से अजून घरोघरी सांगितले जातात. ते दिवस गेले. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. नांदेडची मीटरगेज त्याआधीच गेली होती आणि ऑगस्ट २०२५ पासून तर वंदे भारत नांदेडहून मुंबईला धावू लागली. गाड्या बदलल्या, पण "काय होतंय, पटकन उतरून घेतो" ही आपली सवय मात्र त्या छोट्या गाडीच्या काळातलीच राहिली आहे.

साधा हिशोब करा. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. फलाटावरून उतरणे, खडीत वस्तू शोधणे आणि पुन्हा वर चढणे याला वीस सेकंद धरा. तेवढ्यात ती गाडी साडेपाचशे मीटर पुढे आलेली असते. उतरणे सोपे असते, कारण शरीराचे वजनच आपल्याला खाली नेते. चढताना मात्र छातीपर्यंत येणारी कड, निसटणारी खडी आणि घामेजलेले हात. तरणाबांड मुलगाही तिथे अडकतो. आणि चालकाने पाहिले तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. पूर्ण ब्रेक लावल्यावरही ती शेकडो मीटर पुढे जाते.

८ मे २०२० ची पहाट आठवा. टाळेबंदीत जालन्याहून पायी आपल्या गावाकडे निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर थकून झोपले होते. मालगाडीच्या चालकाला ते दिसले, त्याने गाडी थांबवण्याचा प्रयत्नही केला, पण गाडी थांबली नाही. ते बिचारे काही घ्यायला उतरले नव्हते; गाड्या बंद आहेत अशा समजुतीने त्यांनी रुळांवर पाठ टेकली होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी साऱ्या देशाने पाहिल्या. लोखंडाला गरिबाची गरिबी कळत नाही. म्हणून रूळ रिकामे दिसले तरी ते रिकामे आहेत असे कधी समजू नका.

उभ्या गाडीचेही तसेच. चप्पल फलाट आणि डब्याच्या फटीत पडली की आपण वाकून, आडवे होऊन हात घालतो. डब्याखाली कोण आहे हे चालकाला दिसत नाही. सिग्नल मिळाला की गाडी हलते.

मोठ्या शहरांत आता मेट्रो आली आहे आणि आपली मुले तिथेही आहेत. १ जानेवारी २०२४ रोजी बंगळुरूच्या इंदिरानगर मेट्रो स्थानकात एका तरुणीचा मोबाईल रुळांवर पडला आणि तो घ्यायला ती खाली उतरली. तिथल्या मेट्रोला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळत नाही. रुळांच्या शेजारून जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. दिसायला ते नुसते लोखंड. कर्मचाऱ्यांनी तत्परतेने वीज बंद केली म्हणून ती वाचली. ज्याला आपण साधा रूळ समजतो, त्यातच मरण दबा धरून बसलेले असू शकते.

कोणी म्हणेल, "फादर, प्रभूनेच तर हरवलेले शोधायला सांगितले आहे." खरे आहे. मग नाण्याची गोष्ट पुन्हा नीट वाचा. त्या बाईचे नाणे हरवले तेव्हा तिने काय केले? तिने दिवा लावला, घर झाडले आणि मन लावून शोधले. तिने अंधारात उडी घेतली नाही. आधी उजेड, मग शोध. नाण्यासाठी तिने कष्ट केले, पण प्राण पणाला लावले नाहीत.

मेंढपाळ मात्र रानात गेला, कारण जे हरवले होते ते जिवंत होते. हा फरक आपल्या महाराष्ट्रातील एका रेल्वे कर्मचाऱ्याने साऱ्या देशाला दाखवून दिला. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्टेशनवर एका दृष्टिहीन आईचा सहा वर्षांचा मुलगा तोल जाऊन रुळांवर पडला. आई हाताने फलाट चाचपडत होती आणि समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेने धावले, मुलाला वर ठेवले आणि कसेबसे स्वतः वर चढले. पाठोपाठ गाडी धडधडत गेली. नंतर रेल्वेने पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले, तेव्हा त्यातील अर्धे त्यांनी त्या मायलेकरांना देऊ केले. पाहा, जो माणूस लेकरासाठी जीव धोक्यात घालतो, त्याला पैशाची खरी किंमतही कळलेली असते. जीव हे देवाचे देणे आहे. ते लेकरासाठी पणाला लागले तर प्रीती ठरते, मोबाईलसाठी पणाला लागले तर नासाडी.

काही जण गळ्यातील क्रूस चाचपून म्हणतात, "देव आहे ना पाठीशी!" देव आहेच. पण सैतानानेही प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन हेच सुचवले होते, की उडी टाक, देवदूत झेलतील. देवाला असे कसोटीला लावायचे नसते, असे प्रभूने त्याला बजावले (मत्तय ४:५-७). देवावर विश्वास म्हणजे देवाला कामाला लावणे नव्हे. त्या रात्री लातूरला देवाने देवदूत पाठवला नाही असे नाही. तो लाल सदऱ्यात आला होता.

संकटाच्या वेळी छपरावर असलेल्याने सामान घ्यायला घरात उतरू नये, असे प्रभू सांगतो (मत्तय २४:१७). आपल्या भागाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली तेव्हा जे रिकाम्या हाताने बाहेर पडू शकले, त्यांनीच पुढे नवी घरे उभी केली. रिकामे हात पुन्हा भरतात. पण त्यासाठी हात उरावे लागतात.

मग वस्तू सोडूनच द्यायची का? नाही, दिवा लावायचा. फलाटावर वस्तू पडली तर स्टेशन मास्तर किंवा रेल्वे पोलिसांना सांगा. गाडीची वेळ पाहून त्यांचा माणूस ती काढून देतो. मेट्रोत असाल तर तिथल्या कर्मचाऱ्याला हाक मारा. धावत्या गाडीतून काही पडले तर बाजूच्या खांबावरचा क्रमांक लक्षात ठेवा आणि १३९ वर फोन करा. रेल्वे सुरक्षा दल हरवलेल्या सामानाची नोंद ठेवते आणि सापडल्यास मालकाला परत करते. शिवाय परवानगीशिवाय रुळांवर उतरणे हा रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. त्या मुलाचा मोबाईलही गाडी गेल्यावर एका कर्मचाऱ्याने वर आणून दिला. काच तडकली होती, पण आतले सगळे शाबूत होते.

आता ती भीतीची गोष्ट. मुलगा घरी फोन करायला तयार होईना. शेवटी मी माझ्या फोनवरून त्याच्या वडिलांना सगळे सांगितले. क्षणभर पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी एवढेच विचारले, "फादर, पोरगं वर हाय नव्हं?" मोबाईलचे नावही त्यांनी काढले नाही. मी फोन मुलाच्या कानाला लावला आणि तो ढसढसा रडला.

लूकच्या तिसऱ्या गोष्टीतील पिता असाच आहे. मुलाने सारी संपत्ती उधळली होती. पण तो दूर असतानाच बाप धावत गेला आणि त्याच्या गळ्यात पडला. पैशाचा हिशोब त्याने मागितला नाही. लातूरच्या त्या बापाचे मनही तसेच होते. पण मुलाला ते आधी ठाऊक नव्हते आणि त्या न सांगितलेल्या प्रेमापायी त्याचा जीव जाता जाता राहिला.

म्हणून आई-वडिलांनो, माझे मागणे तुमच्याकडे आहे. आज घरी गेल्यावर मुलांना जवळ बसवा आणि स्पष्ट सांगा, "काहीही पडले, फुटले, हरवले तरी चालेल. तू वर राहा, तू घरी ये." हे मनात असून उपयोगाचे नाही, ते तोंडाने बोलावे लागते. ग्लास फुटल्यावर आपण आधी ग्लासाकडे पाहतो की लेकराच्या बोटाकडे, यावरून मूल आपली किंमत शिकते. आणि मुलांनो, रागावणे एका संध्याकाळचे असते. तुमच्याविना राहणे जन्मभराचे असते.

आपण प्रार्थना करू या. हे दयाळू पित्या, प्रवासातील आमच्या लेकरांचे रक्षण कर. हातातून निसटलेले सोडून देण्याचे शहाणपण आम्हांला दे आणि पडलेल्या माणसासाठी धावून जाण्याचे धैर्यही दे. आमच्या घरात कोणालाही वस्तूपेक्षा स्वतःची किंमत कमी वाटू नये, एवढी प्रीती आमच्या ओठांवर आण. ही प्रार्थना आम्ही ख्रिस्त आमचा प्रभू याच्याद्वारे करतो. आमेन.